रविवारचा मुळा

तीनशेवीस माणसांचा स्वयंपाक करणारी बाई एकटीपुरता स्वयंपाक करायला लागली की काय होतं, ते बघायला मोठ्या मावशींकडे जायला हवं होतं. निवृत्तीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःपुरता भात लावला. तो समोरच्या शिंपिणीला झाला, वरच्या मजल्यावरच्या दोन घरांना झाला आणि गल्लीतला कुत्रा खाऊन खाऊन तिथेच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात आखडला, तर कुत्र्याच्या वाटणीचं तेवढंच कमी झालं. शिंपीण तोंडावर काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी दार वाजलं तेव्हा आतूनच म्हणाली, "मावशी, आमचं झालंय हो जेवण!"

मावशींचा तरी काय दोष? चौतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेलेली. सकाळी साडेपाचला शेगड्या पेटायच्या आणि संध्याकाळी साडेसातला शेवटची ढकलगाडी वॉर्डात जायची. चिमूटभर, मूठभर, वाटीभर ही मापं त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांचं माप म्हणजे पोतं, पिंप आणि टोपली. मोठे डॉक्टर सोडले तर सगळ्या इस्पितळाला त्या अरेतुरे करत, आणि मोठे डॉक्टर आजारी पडले तेव्हा त्यांनाही म्हणाल्या होत्या, "गपचूप सूप पी." निरोपाच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्यांना घड्याळबिड्याळ न देता त्यांचंच उलथनं दिलं. हातभर लांब, लोखंडी, दांडा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. मावशी ते उराशी धरून घरी आल्या आणि खुंटीला लावून त्याच्याकडे बघत बसल्या.

घर नवीन होतं. इस्पितळाच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या सोडाव्या लागल्या, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागचं दार उघडलं की धुण्याचा दगड, आणि दगडापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत नऊ फूट लांब, चार फूट रुंद जमीन. तिच्यावर फुटक्या कौलांचा ढीग. मालकाने खोल्या दाखवल्या, नळ दाखवला, वीजमीटर दाखवलं, पण जमिनीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तो तिला जमीन समजतच नव्हता. मावशी मात्र त्या दारात इतका वेळ उभ्या राहिल्या की मालकाला वाटलं, आता या भाडं कमी करायला सांगणार.

त्या उभ्या राहिल्या, त्याला कारण होतं. लेक.

मावशींची लेक, मनी, दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. तिलाही आता सात वर्षांची मुलगी. मनी आईला टाकून बसलेली नव्हती बरं का. दर आठवड्याला फोन यायचा, औषधं घेतलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायची. कामासाठी इकडे आली की दोन-तीन तास घरी टेकायचीही. पण यायची ती खाऊन. मावशींनी विचारायचं, "जेवलीस?" आणि तिने बूट काढता काढता म्हणायचं, "खाऊन आलेय गं. भूक नाही." वर्षानुवर्षं हेच. मावशींना वाटायचं, हिने एकदा तरी उपाशी यावं. कुठल्या आईला असं वाटतं? पण त्यांना वाटायचं.

आणि हे 'भूक नाही' कुठून आलं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवरा ट्रकवर होता, मनी चार वर्षांची असताना गेला, आणि मावशी इस्पितळात लागल्या. मनी शाळेतून यायची, गळ्यातल्या किल्लीने कुलूप उघडायची आणि आतून कडी लावून बसायची. आठच्या सुमाराला मावशी यायच्या, हातात डबा. डब्यात वॉर्डात वाटून उरलेलं. मीठ नाही, तिखट नाही, उकडलेला दुध्या, मऊ भात. "उशीर झाला गं बाळा," असं म्हणत त्या डबा उघडायच्या, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "मला भूक नाही." एकदा शाळेतल्या बाईंनी हसत हसत सांगितलं, तुमची मनी म्हणते, आमच्या घरी आजारी माणसांचं जेवण असतं. मावशीही हसल्या. मग वळून पायऱ्या उतरताना त्यांना दोन मिनिटं कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

त्याच वर्षी एका संध्याकाळी मात्र मनी दारातच वाट बघत उभी होती. डोळे नुसते चमकत होते. खालच्या घरातल्या आजोबांनी तिला कच्चा मुळा दिला होता, मीठ लावून. "आई, असा तिखट, असा करकरीत! नाकातून पाणी आलं माझ्या! आपण आणू या ना मुळा?" इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुळ्याला मज्जाव. वायू धरतो, वास येतो, म्हणून आहार बघणाऱ्या बाईंनी यादीतून कायमचा वगळलेला. म्हणजे डब्यातून मुळा यायची सोय नाही, बाजारातूनच आणायला हवा. "रविवारी आणू हं," मावशी म्हणाल्या. रविवारी स्वयंपाकघरातली हाताखालची धाकटी मावशी आजारी पडली आणि ड्युटी आली. पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. चार-पाच रविवार पोरीने विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

एकतीस वर्षं झाली त्याला. मनी विसरलीही असेल. मावशी विसरल्या नव्हत्या, आणि या गोष्टीत तेवढं एकच खरं दुखणं आहे, बाकी सगळी मजाच.

तर निवृत्तीनंतर महिनाभराने मनीचा फोन आला. "आई, चार दिवस रजा काढतेय. पोरीला घेऊन येते. पाच आठवड्यांनी."

चार दिवस! मावशींनी फोन ठेवला, खुंटीवरचं उलथनं काढलं आणि मागच्या दारी जाऊन फुटकी कौलं उपसायला लागल्या. कौलांखालची माती दगडासारखी. पण ज्या हातांनी चाळीस किलोचा भात तळापासून वर काढलाय, त्यांना नऊ फूट जमिनीचं काय कौतुक? उलथनं खुपसायचं, दांड्यावर भार द्यायचा, ढेकूळ उलटं करायचं. दोन दिवसांत वाफा तयार. वरच्या मजल्यावरची पोरं गॅलरीतून बघत होती. "मावशी, माती परतताय?" एकाने विचारलं. "हो रे, तुला वाढू का थोडी?" मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी रोपवाल्याची हातगाडी आली. चाळिशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि गिऱ्हाइकाला माल विकण्यापेक्षा शहाणपण शिकवण्यात जास्त रस. मावशींनी यादी वाचली. टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, सिमला मिरची, गाजर.

"याआधी काय लावलंय तुम्ही?" त्याने विचारलं.

"काही नाही. पण चिरलंय सगळं."

"फ्लॉवर सोडा. त्याचे लाड मलाही जमत नाहीत. वांग्याला कीड, गाजराला भुसभुशीत माती लागते, मिरचीला तीन महिने. पहिल्या बागेला सोपं घ्यावं, मावशी. उगवलेलं दिसलं की हुरूप येतो. पालक घ्या, मेथी घ्या, चवळी घ्या. भेंडी घेतलीत तर दोन महिने."

"पालक लबाड आहे," मावशी म्हणाल्या. "पोतंभर घातला तरी पातेल्यात वाटीभर उरतो. मेथी निवडून निवडून माझी नखं गेली. आणि भेंडीचं नाव काढू नकोस, तीनशे माणसांची भेंडी चिरून बघ एकदा. पाच आठवड्यांत काय येतं ते सांग."

"मुळा. महिन्यात खाली मुळा, वर पाला. याच्याएवढं सोपं दुसरं काही नाही. टाकलं की आलं."

मावशींनी हातातल्या यादीकडे बघितलं. यादीत मुळा नव्हता. खरं सांगायचं तर तो लिहायचा धीरच झाला नव्हता. त्यांनी यादीची घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "मग मुळाच दे."

आता इथे झाली ती गंमत ऐका. इस्पितळाच्या स्वयंपाकघराचा नियम असा की बाहेरून आलेली कुठलीही वस्तू गरम मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय ओट्यावर ठेवायची नाही. चौतीस वर्षं मावशींनी हा नियम पाळला आणि न पाळणाऱ्या दोघींना रडवलं. बियांची पुडी उघडली, तर आत लालसर बी, वर कसलीशी पूड. मावशींनी नाक मुरडलं. कुणाकुणाचे हात लागले असतील! लेकीच्या आणि नातीच्या पोटात जायची वस्तू. त्यांनी कडकडीत पाणी केलं, त्यात मीठ टाकलं, बी त्यात सोडलं, झाकण ठेवलं आणि अर्ध्या तासाने उपसून, तीन पाण्यांतून धुऊन, स्वच्छ फडक्यावर कोरडं केलं. मग वितीवितीवर ओळी आखून पेरलं. इतकं निर्जंतुक बी त्या गावात आजवर कुणी पेरलं नसेल.

चार दिवस गेले, पाच गेले. आठव्या दिवशीसुद्धा वाफा जसाच्या तसा. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. रोपवाल्याला हाताला धरून मागच्या दारी आणलं. "टाकलं की आलं म्हणालास ना? कुठे आलंय दाखव."

त्याने माती उकरली, एक बी बोटांत चिरडलं. पीठ झालं. "हे शिजलंय, मावशी."

"शिजेल कसं? नुसतं धुतलंय."

कसं धुतलं ते ऐकल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि डोक्याला हात लावून धुण्याच्या दगडावर बसला. "मीठही घातलंत?"

"मग? नियमच आहे तो."

"अहो, फोडणी तेवढी राहिली!"

मावशींना हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं. तो गडबडला. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, डबा, भिंत, आजोबांचा मुळा, रविवार. तो ऐकत राहिला. उठताना नवी पुडी त्याने स्वतः फोडली आणि स्वतःच्या हाताने पेरली, मावशींना बी हातातसुद्धा घेऊ दिलं नाही. "लवकरचं वाण आहे. साडेतीन आठवडे उरलेत ना? बोटाएवढा तरी येईल. आता फक्त पाणी. साधं. गार."

चौथ्या दिवशी सकाळी मावशी झारी घेऊन गेल्या आणि तिथेच उकिडव्या बसल्या. ओळीच्या ओळी उगवल्या होत्या. दोन दोन पानं, बदामाच्या आकाराची, अजून माती डोक्यावर घेतलेली. शेजारीपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "आली गं बाई माझी!"

रोपं वाढली तशी दाटी झाली. रोपवाला म्हणाला, एकाआड एक उपटा, नाहीतर मुळा धरणार नाही. हे मावशींना फार जड गेलं. ज्या बाईने एक ताटसुद्धा कधी कमी पडू दिलं नाही, तिने जिवंत रोपं उपटून टाकायची? शेवटी उपटलेल्या रोपांची कोशिंबीर करून खाल्ली, एकही वाया घालवलं नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या कोवळ्या पाल्यालाही मुळ्याचा झणका होता. त्यांनी डोळे मिटून चावला. हेच ते, मनीला हवं होतं ते हेच.

एकोणिसाव्या दिवशी फोन. "आई, रजा पुढे गेली गं. तीन आठवडे तरी."

"असू दे की, ये सावकाश. इथे कसली घाई आहे?" मावशी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. बोटाएवढ्या मुळ्याचा मनगटाएवढा होईल. त्या रोज जायच्या, मातीतून वर आलेला पांढरा खांदा बोटाने चाचपायच्या आणि मनात म्हणायच्या, थांब हं.

तिसाव्या दिवशी रोपवाला म्हणाला, काढा आता. पस्तिसाव्या दिवशी म्हणाला, मावशी, काढा. "थांबेल रे थोडा." "मुळा नाही थांबत. सोपी भाजी आहे, पण तिला धीर नाही. वेळेवर काढला तर मुळा, नाहीतर आत नुसतं भेंड." मावशींनी ऐकलं नाही. लेकीआधी पहिला मुळा आपण खायचा? शक्यच नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी पुन्हा फोन. "आई, या महिन्यात काही जमेलसं दिसत नाही. पुढचं काही सांगता येत नाही गं. तू वाट बघू नकोस."

मावशी म्हणणार होत्या, असू दे, ये सावकाश. तोंडातून निघालं ते भलतंच. "अगं, मुळा थांबत नाही!"

"काय? कसला मुळा?"

"लावलाय. मागच्या दारी. तुझ्यासाठी." आता बोलून टाकल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "रविवारी आणते म्हणाले होते ना मी तुला. नाही आणला. म्हणून लावला."

पलीकडून कुठेतरी यंत्र चालल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मनी म्हणाली, "आई, मला बोलावतायत. ठेवते."

त्यानंतरही फोन येत राहिले, दर आठवड्याला, ठरल्यासारखे. गुडघा कसा आहे, औषधं घेतलीस का. मुळ्याचं नाव नाही. मावशींनीही काढलं नाही. कानाला खडा लावला. पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना एकच विचार, की मी हे बोलायला नको होतं. पोरीला वाटलं असेल, आई आता म्हातारपणी हिशेब मागतेय. मनीकडे जाऊन राहावं, असं शिंपीण म्हणाली. पण मावशींना लेकीकडे जाऊन जेवायचं नव्हतं. त्यांना तिला वाढायचं होतं. स्वतःच्या हातचं, स्वतःच्या दारचं, गरम, मीठ-तिखट घातलेलं, आणि घड्याळाकडे न बघता. या एका जेवणासाठी त्यांचा जीव इतका तुटत होता की तीनशेवीस ताटं वाढलेल्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी त्याच्या बदल्यात देऊन टाकल्या असत्या.

ऊन तापायला लागलं. पन्नासाव्या दिवशी मुळ्याने मधूनच दांडा काढला, आणि बघता बघता कमरेएवढा झाला. पांढरी-जांभळी फुलं. मावशींनी एक मुळा ओढून काढला, मोडला. आत भेंड, कापसासारखं कोरडं. त्यांनी खुंटीवरून उलथनं आणलं. सगळं उपटून टाकायचं आणि परत कौलांचा ढीग रचायचा, असं ठरवूनच आणलं होतं.

"हां हां, काय करताय?" भिंतीपलीकडून रोपवाला ओरडला.

"संपलं सगळं. तू म्हणत होतास तेच बरोबर."

"संपलं कुठे? फुललाय ना? आता शेंगा धरतील. डिंगऱ्या. मुळ्याच्याच शेंगा. कच्च्या खातात, मीठ लावून. मुळ्याहून झणझणीत."

मावशींनी त्याच्याकडे रागाने बघितलं. चौतीस वर्षं भाज्या चिरल्या, आणि मुळ्याला शेंगा येतात हे त्यांना माहीत नव्हतं. कळणार कुठून? मुळा कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता. "थापा मारत असलास तर याद राख," त्या म्हणाल्या, आणि उलथनं परत खुंटीला लावलं.

पाऊण महिना गेला. फुलं गळली आणि दांड्यांवर बारीक, टोकदार, हिरव्या शेंगा लटकल्या. इतक्या, की दांडे वाकले.

दिवस रविवारही नव्हता. साधा मंगळवार, दुपारचे अडीच. मावशींचं जेवण उरकलेलं, उरलेला भात झाकून ठेवलेला, आता कुणाच्या गळ्यात मारावा याचा विचार चाललेला. दार वाजलं. उघडलं तर मनी. केस विस्कटलेले, खांद्यावर पिशवी, एका हाताला पेंगुळलेली पोर. फोन नाही, निरोप नाही.

मनी म्हणाली, "उशीर झाला गं आई."

हे वाक्य मावशींचं होतं. चौतीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. त्यांना रडायचं होतं, पण हात आपोआप पिशवी घ्यायला पुढे झाला.

मनी सरळ घर ओलांडून मागच्या दारी गेली. कमरेएवढ्या झाडांसमोर उभी राहिली. मावशी मागून घाईघाईने सांगायला लागल्या, "मुळा गेला गं, जून झाला, मीच काढला नाही. पण या शेंगा..." मनीने एक शेंग तोडली आणि न धुता, तशीच तोंडात टाकली. मावशींचा 'अगं धुऊन' ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. करकर आवाज आला. मनीचे डोळे भरले, नाक लाल झालं, आणि ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "नाकातून पाणी आलं," ती म्हणाली. पोरीची झोप कुठल्या कुठे पळाली. "मला, मला!" म्हणून तिने आईचा हात ओढला.

मावशींनी बशीत मीठ आणून दिलं. तिघी धुण्याच्या दगडावर बसल्या. थोड्या वेळाने, सवयीने, उत्तर माहीत असूनही मावशींनी विचारलं, "जेवलीस?"

मनीने चपला बाजूला सारल्या, पाय पसरले आणि डोकं आईच्या खांद्यावर टेकलं.

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. मुद्दामच. भूक लागलीय आई, खूप भूक लागलीय."

मावशी उठल्या. खुंटीवरचं उलथनं काढलं, धुतलं, आणि सवयीने मोठंच पातेलं चढवलं. त्या दिवशी काही उरलं नाही.